शनिवारचं इंजेक्शन, सोमवारचं काम

इंजेक्शनचा वार कोणता ठेवायचा, हे डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं होतं. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. वार एकदा ठरला की तोच. मी शनिवारची रात्र धरली, कारण प्रेसला सुट्टी फक्त रविवारची. टोचल्यावर काही तासांनी हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग अंग असं दुखतं की कूस बदलायलाही हिंमत लागते. हे सगळं रविवारच्या पदरात टाकायचं आणि सोमवारी उभं राहायचं. ४८ आठवड्यांचा कोर्स होता, म्हणजे जवळजवळ वर्षभराचे रविवार. रविवारबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चादरीखालून काय दिसणार? सांगण्यासारखा आहे तो सोमवार. मे २०११च्या अखेरचा, ऐन नवतपातला, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांतला.

पहाटे साडेपाच

नवतपात नागपूरच्या मनीषनगरात माणसं खरी झोपतात ती पहाटेच, कारण रात्रभर भिंतींतून उष्णता बाहेर येत असते. घरचे सगळे हॉलमध्ये कूलरसमोर आडवे. मी आतल्या खोलीत, पंखा एकावर आणि अंगावर सोलापुरी चादर. गाऊन घामाने ओला लागला की बरं वाटायचं, ताप उतरल्याची ती खूण. थर्मामीटर उशाशीच असे. पारा शंभरच्या खाली असेल तर कामावर जायचं, वर असेल तर मालकांना फोन करायचा, असा माझा नियम होता. त्या दिवशी खाली होता. उठले. उठले म्हणजे पलंगाच्या काठावर बसले. गुडघे, घोटे, बोटांचे सांधे एकेक करून कामाला येईपर्यंत दहा मिनिटं जायची. तेवढ्यात उशीवरचे केस गोळा करून कागदात गुंडाळायचे, सासूबाईंच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

गंमत अशी, की हे औषध सुरू होईपर्यंत मी आजारी नव्हते. ऑफिसच्या एका शिबिरात रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं, येऊन भेटा. दान केलेल्या रक्ताच्या पाच तपासण्या होतात : एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. त्यातली तिसरी माझी निघाली. कुठून आलं हे शोधायला फार मागे जावं लागलं नाही. १९८८ साली मुलाच्या वेळी सिझेरियन झालं होतं, रक्तस्राव थांबेना म्हणून दोन बाटल्या रक्त दिलं होतं. त्या रक्तानेच मी वाचले. त्या वर्षी या विषाणूला हे नावही मिळालेलं नव्हतं. डॉक्टर मंडळी ‘ए नाही आणि बीही नाही’ एवढंच म्हणत. अमेरिकेतल्या मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांचं त्याची ओळख पटवणारं संशोधन १९८९मध्ये छापून आलं, आणि आपल्याकडे दात्याच्या रक्ताची ही चाचणी सक्तीची व्हायला हे शतक उजाडावं लागलं. २०२०मध्ये हॉटन, हार्वे ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना याच शोधासाठी नोबेल मिळालं, ती बातमी मी दोनदा वाचली. दोष द्यायला कोणी सापडत नाही, ही या आजाराची एक मोठी अडचण आहे. माणसाला कोणीतरी लागतं.

वीसेक वर्षं तो विषाणू यकृतात बसून होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कावीळ नाही, पोटदुखी नाही. दमायला व्हायचं, पण घर आणि नोकरी करणारी कोणती बाई दमत नाही? बायोप्सीत दिसलं की यकृतात व्रणांचं जाळं धरायला लागलंय. हा संसर्ग अंगात टिकून राहिलेल्यांपैकी शंभरात १५ ते ३० जणांना वीस वर्षांच्या आत सिरोसिस होतो, आणि त्यापुढे कॅन्सरचं भय. म्हणजे दुखत नसताना दुखणं विकत घ्यायचं होतं, आणि तेही माझ्या ‘जीनोटाइप १’ला गुण येण्याची शक्यता जेमतेम निम्मी असताना. भारतात जास्त आढळतो तो जीनोटाइप ३. तो असलेल्यांचं सहा महिन्यांत भागे आणि गुणही जास्त येई. माझ्या नशिबी लांबचा रस्ता आला. पुढे विषाणू गेला, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्यासाठी कोणी शेवटपर्यंत ताटकळायला नको.

साडेसहा

स्वयंपाकघरात सासूबाई आधीच.

“काऊन गं, आजही चालली का तू? तोंड पाय आरशात, कसं होऊन राहिलं.”

“जाते आई. ताप नाही आज.”

“मंग मी काय आंधळी हाये का?”

त्यांच्या दृष्टीने ही कावीळ होती आणि काविळीला इंजेक्शन चालत नाही. सुरुवातीला त्यांनी माझ्या वरणातली हळद बंद केली, भुईआवळ्याचा रस वाटीत काढून ठेवायला लागल्या, आणि गावाकडे काविळीची माळ देणाऱ्याकडे जाऊन यायचा आग्रह धरला. डोक्यावर ठेवलेली ती माळ वाढत वाढत पायांपर्यंत उतरली की कावीळ उतरली, असा हिशेब. डॉक्टरांनी कुठलंही झाडपाल्याचं औषध घ्यायला सक्त मनाई केलेली. मी ‘नको’ म्हटलं की त्या दुखावत. मग कुठून तरी ‘हे रक्ताचं आहे, लागण होते’ हे त्यांच्या कानावर गेलं आणि एक दिवस माझं ताट-वाटी वेगळ्या फळीवर गेली. मी काही बोलले नाही. मुलगा बोलला. आजीला समोर बसवून त्याने सांगितलं, ताटाने होत नाही, एका घोटाने होत नाही, रक्तात रक्त मिसळलं तरच होतं. ब्रश, नेलकटर, दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवायचं. त्याची आणि ह्यांची तपासणी झाली होती, दोघंही स्वच्छ. त्यांनी ऐकून घेतलं. ताट मात्र महिनाभर त्याच फळीवर राहिलं आणि मग कधी खाली आलं ते मलाही कळलं नाही.

आठ

इंजेक्शनच्या जोडीला रोज कॅप्सूल : दोन सकाळी, तीन रात्री, आणि दोन्ही वेळा पोटात अन्न हवं. रिबाव्हायरिन रिकाम्या पोटी नीट लागत नाही, थोडं तूप-तेल असलेलं जेवण त्याला मानवतं. पण तोंड आतून सोललेलं. नागपुरात जन्मून तर्री-पोह्याच्या गाडीवरून नाक दाबून पुढे जायचं, याचं दुःख पुणेकरांना कळायचं नाही. सकाळी मऊ भात, दूध, वरून चमचाभर तूप. जिभेवर सतत पैसा ठेवल्यासारखी चव.

इंटरफेरॉन, म्हणजे शनिवारचं ते इंजेक्शन, हे तसं परकं औषध नाही. विषाणू शिरला की आपलं शरीर स्वतःच ते तयार करतं. फ्लूमध्ये अंग मोडून येतं ते बरंचसं त्याच्यामुळेच. इथे तेच बाहेरून, मोठ्या मापाने, दर आठवड्याला द्यायचं. म्हणजे वर्षभर फ्लू. रिबाव्हायरिन एकटं या विषाणूचं फारसं काही बिघडवत नाही, पण इंटरफेरॉनच्या जोडीला गेलं की गुण येण्याचं प्रमाण वाढतं. ते नेमकं कसं, याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांनाही झालेला नाही. रिबाव्हायरिन तांबड्या पेशी फोडतं एवढं मात्र पक्कं. आठवड्याच्या इंजेक्शनने पांढऱ्या पेशी घटतात, रोजच्या कॅप्सूलने तांबड्या. त्यामुळे माझा कोर्स दर पंधरवड्याच्या रक्ततपासणीवर चाले. आकडा खाली गेला की मात्रा कमी, फारच गेला की बंद.

पैशांचं एकदाच बोलून टाकते. तेव्हा अशा इंजेक्शनांच्या सहा महिन्यांच्या कोर्सची छापील किंमत चार लाखांच्या वर होती. माझा त्याच्या दुप्पट काळाचा. बेसाला आमचा एक प्लॉट होता, तो विकला. आज तिथून जाताना तिथली चार मजली इमारत मी मुद्दाम पाहत नाही, पण दिसतेच. पुढे नोव्हेंबर २०१२मध्ये, मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने लढवलेल्या प्रकरणात, बौद्धिक संपदा अपील मंडळाने पेगासिस या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनाचं भारतातलं पेटंट रद्द केलं. नशेची सुई टोचून घेणाऱ्या मुलांमध्ये काम करणारी ही संस्था. ज्यांच्याकडे विकायला प्लॉट नव्हता त्यांच्यासाठी ती भांडली. नंतर तर सगळंच बदललं. सुईशिवाय नुसत्या गोळ्या आल्या. त्यातली सोफोसबुव्हिर अमेरिकेत एक गोळी हजार डॉलरला होती, तीच २०१५पासून भारतीय कंपन्या परवाना घेऊन बनवायला लागल्या आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांवर ती मोफत मिळायला लागली. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, आणि शंभरातले ९५च्या आसपास बरे होतात. ओळखीतल्या एका गृहस्थांना डायलिसिसवर असताना हे निघालं. तीन महिने गोळ्या घेतल्या, डोकंसुद्धा दुखलं नाही म्हणाले. मला आनंद झाला. थोडा रागही आला. तो कोणावर, ते ठरवता आलं नाही.

सव्वानऊ

मनीषनगरचं फाटक. आता तिथे पूल झाला, भुयारी रस्ता झाला. पण तेव्हा वर्धा रोडला लागायचं म्हणजे फाटकाची मर्जी. कोळशाची मालगाडी आली की डबे संपता संपत नसत, आणि ती गेली की लगेच उलट दिशेची गाडी. स्कूटी बंद करून उन्हात उभं राहायचं. नवतपातलं सव्वानऊचं ऊन म्हणजे दुसरीकडचं दुपारचं. मला मात्र त्या फाटकाचा एक फायदा होता : तिथे श्वास परत यायचा.

आणखी एक सोय नागपूरच्या उन्हाने करून दिली. इथे बायका-मुली उन्हाळ्यात डोकं, तोंड, मान सगळं स्कार्फने बांधून गाडी चालवतात, फक्त डोळे उघडे. माझे विरळ झालेले केस, ओठांच्या कोपऱ्यातले व्रण, उतरलेला रंग यातलं कोणाला काही दिसलं नाही. फाटकावर शेजारच्या काकू भेटल्या तरी डोळ्यांनी हसायचं. हाच कोर्स डिसेंबरात अर्ध्यावर असता तर काय केलं असतं कोण जाणे.

दहा ते एक

प्रेस धंतोलीत, पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर मी चपलेचा पट्टा नीट करायला थांबायची. पट्ट्याला काही झालेलं नसे. खरं कारण मालकांना तेवढं माहीत होतं. बाकीच्यांना ‘लिव्हरचा त्रास’ एवढंच सांगितलं होतं, आणि तेही महागात पडलं. लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. बाईमाणूस पीत नसणार, मग घरात कोणीतरी पितं आणि हिला जाच होतो, अशी कुजबुज सुरू झाली. हे एकदा मला घ्यायला आले तेव्हा डीटीपीच्या दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे खालीच थांबायला लागले. सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मे म्हणजे आमचा सुगीचा महिना. गाइडं, प्रश्नसंच, व्यवसायमाला. प्रूफांचे गठ्ठे. इंटरफेरॉनने डोक्यात धुकं दाटतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते कसं असतं ते प्रूफांवर कळलं. ओळीचा अर्थ लागायचा, पण पुढच्या ओळीपर्यंत टिकायचा नाही. पहिल्या महिन्यात मी घाबरले, नोकरी जाणार म्हणून. मग लक्षात आलं की मुद्रितशोधकाचा खरा शत्रू अर्थच आहे. अर्थाच्या नादी लागलं की डोळा पुढे पळतो आणि ‘प्रकाशसंश्लेषण’मधला श सुटून जातो. अर्थ टिकेनासा झाल्यावर मला नुसती अक्षरं दिसायला लागली, एकेक, सुटी. त्या वर्षी माझ्या हातून गेलेल्या विज्ञानाच्या गाइडात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कमी निघाल्या, हे मालकांनीच सांगितलं. गणिताचं पुस्तक मात्र मी घेतलं नाही. तिथे आकडा चुकला की अक्षरासारखा ओरडत नाही.

अकराच्या चहाला डीटीपीचा पोरगा पेपर घेऊन आला. “ताई, हे तुमच्या लिव्हरचं हाये का पाहा.” त्याला किती कळलं होतं देव जाणे. अमेरिकेत त्याच महिन्यात बोसेप्रेव्हिर आणि टेलाप्रेव्हिर या दोन नव्या औषधांना परवानगी मिळाली होती, नेमकी जीनोटाइप १साठी. बातमी पुढे वाचली तर ती इंटरफेरॉनच्या जोडीनेच घ्यायची होती, त्याच्याऐवजी नव्हे. तरी पोटात खड्डा पडला. आणखी दोन वर्षं थांबले असते तर? डॉक्टरांना हा प्रश्न मी आधीही विचारला होता. त्यांचं म्हणणं, जाळं धरलेलं यकृत कॅलेंडर पाहून थांबत नाही. पटलेलं उत्तरही पुन्हा पुन्हा पटवून घ्यावं लागतं.

दुपारी एक

डब्यातला दहीभात संपवून पॅथॉलॉजीत. धंतोलीत गल्लीगल्लीत डॉक्टर आणि लॅब, ही एक सोयच. सुई टोचणारी मुलगी आता ओळखीची झालेली. पहिल्यांदा माझा कागद वाचून तिने हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या होत्या, आता एकच घालायची. तेवढंही मला बरं वाटायचं. तीन महिन्यांच्या टप्प्यावरची मोठी परीक्षा मी पास झाले होते. तोवर रक्तातला विषाणू निदान शंभरपटीने घटला नाही तर कोर्स तिथेच थांबवत, पैसे आणि सोसणं दोन्ही वाया. माझा घटला होता. म्हणून सोमवार चालू होते.

तिथल्या बाकावर त्या दिवशी एक सिकलसेलची मुलगी आईबरोबर बसलेली, बहुधा रक्त चढवण्याआधीच्या तपासणीला आलेली. विदर्भात हे दृश्य नवं नाही. इथे सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या कितीतरी पोरांना वारंवार दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं. चाचण्या सुधारल्या, तरी नुकतीच लागण झालेल्या दात्याच्या रक्तात ती दिसायला काही काळ जातो. २०२२मध्ये नागपुरातल्याच थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याची बातमी आली तेव्हा मला तो बाक आठवला. माझ्यासारख्या, जुन्या काळी रक्त चढवलेल्या बायका-पुरुषांना मी आजही भेटेल तिथे सांगते : एकदा ती साधी चाचणी करून घ्या. ‘मला काही होत नाही’ हे उत्तर मला चालत नाही.

साडेचार

डॉक्टरांचा फोन.

“हिमोग्लोबिन ९.६ आलंय. कॅप्सूल कमी करू. पाचाच्या तीन. आज रात्री दोन, उद्यापासून सकाळी एक.”

“आणि तेवढ्यात तो परत वाढला तर?”

“रक्तच उरलं नाही तर औषध कोणाला देऊ?”

हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. दोन कॅप्सूल कमी म्हणजे जिना थोडा सोपा, तोंड थोडं बरं. मग दुसऱ्या मिनिटाला भीती. इतके रविवार घातले ते या दोन कॅप्सूलपायी वाया गेले तर? औषध नकोसं होतं आणि कमी झालेलंही चालत नव्हतं. मी परत प्रूफ ओढलं. त्या पानावरच्या चार चुका दुसऱ्या दिवशी सापडल्या.

सात

येताना भाजीवाल्याशी भांडले. भेंडी जून होती, इतकंच. आवाज इतका चढला की शेजारची गाडीवाली उठून उभी राहिली. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “रिपोर्ट काय म्हणतो?” आणि मी म्हटलं, “तुम्हाला काय करायचंय?” ह्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि शांतपणे विचारलं, “हे तू बोलून राहिली का इंजेक्शन?”

डॉक्टरांनी घरच्यांना पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं होतं : हे औषध मनावर जातं. चिडचिड होईल, रडू येईल. उदासी फार वाढली तर लगेच कळवा, लपवू नका. काहींच्या मनात जीव द्यायचे विचारही येतात. हे ऐकलं नसतं तर आमचं घर त्या वर्षात टिकलं असतं की नाही, शंका आहे. ‘तू का इंजेक्शन’ हा प्रश्न घरात रुळला. गंमत म्हणजे नेहमी इंजेक्शनच बोलत नसे. कित्येकदा मीच बोलत असे, वर्षानुवर्षांचं साठलेलं, आणि नाव इंजेक्शनावर जाई. ही सवलत मी पुरेपूर वापरली.

रिपोर्ट सांगितला. ह्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार, कारण बराच वेळ काही बोलले नाहीत.

नऊ

साधं वरण, भात, तूप, आणि सगळ्यांसाठी आंब्याचा रस. माझ्या वाटीतही रस. तोंडाला झोंबणार हे माहीत असून मी चमचाभर घेतलाच. वहीत तारीख, ताप, हिमोग्लोबिन आणि कॅप्सूलच्या रकान्यात तीनच्या जागी दोन. रात्रीचा डोस नऊच्या पुढे गेला की झोप उडते, म्हणून जेवणाची वेळ माझ्यामुळे सगळ्यांची बदललेली. सासूबाई त्यावरून रोज कुरकुरत आणि रोज नऊला ताटं मांडत.

साडेदहा

लाइट गेली. नवतपात जायचीच. अख्खं मनीषनगर गच्चीवर. आमच्याकडे मात्र अंधार पडला की पहिला प्रश्न फ्रिजचा. महिन्याची इंजेक्शनं एकदम आणलेली, भाजीच्या ट्रेवरच्या कप्प्यात, दोन ते आठ अंशांत राहायला हवीत. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. दार उघडलं नाही तर दोन-तीन तास निभतं, म्हणून दाराला हात लावायचा नाही. थर्मोकोलचा डबा आणि बर्फ तयार असायचा, पण तोही त्याच फ्रिजच्या वरच्या खणात.

मुलगा अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात शिरला. थंड पाण्याची बाटली हवी होती त्याला. आतून सासूबाईंचा आवाज आला. बाई खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसल्या होत्या, हातात पंखा.

“माठातलं पे.”

“आजी, एकच बाटली, पटकन घेतो.”

“पटकन नाही अन् हळू नाही. आत तुह्या मायचा प्लॉट ठेवून हाये, समजलं का?”